ब्रिटनमधील सार्वजनिक सेवांचे कंत्राटीकरण

ब्रिटनमधील केंद्र सरकार, स्थानिक परिषदा, राष्ट्रीय आरोग्य सेवा व अन्य सार्वजनिक संस्था यांनी पूर्वी स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून करून घेतलेली कामे निविदा काढून खासगी कंपन्यांकडे किंवा स्वयंसेवी संस्थांकडे सोपविण्याच्या पद्धतीस सार्वजनिक सेवांचे कंत्राटीकरण असे म्हणतात. १९८० च्या दशकात केरसंकलन, सफाई आणि उपाहारगृहे यांपासून या पद्धतीचा विस्तार सुरू झाला. २०१० नंतरच्या खर्चकपातीच्या काळात परिवीक्षेपर्यंत ती पोहोचली. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही मोठी कंत्राटदार कंपनी बुडाल्यानंतर या धोरणाचा व्यापक फेरविचार सुरू झाला. काम कंत्राटाने दुसऱ्याकडे देता येते, पण ते बंद पडल्यास येणारी जबाबदारी सरकारलाच उचलावी लागते, हा या चार दशकांच्या अनुभवातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

संज्ञा आणि स्वरूप

कंत्राटीकरण आणि खासगीकरण या दोन संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. प्रत्यक्षात त्यांत महत्त्वाचा फरक आहे. खासगीकरणात सरकार उद्योगाची मालकी विकते आणि ग्राहक त्या उद्योगाला थेट पैसे देतो. १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या समभागांची झालेली विक्री हे त्याचे ठळक उदाहरण होय. कंत्राटीकरणात सेवा सार्वजनिकच राहते, तिचा खर्च करातून भागविला जातो आणि ती पुरविण्याचे कायदेशीर कर्तव्य सरकारवर किंवा परिषदेवर कायम असते. काम करणारे हात तेवढे बदलतात.

खासगी वित्तपुरवठा उपक्रम हा तिसरा प्रकार नोव्हेंबर १९९२ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री नॉर्मन लॅमंट यांनी जाहीर केला. यात खासगी गट कर्ज उभारून रुग्णालय किंवा शाळा बांधतो, बहुधा तिची देखभालही करतो आणि सरकार त्याला साधारणपणे २५ ते ३० वर्षे ठरावीक वार्षिक रक्कम देते. त्यामुळे बांधकामाचा खर्च त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात न दिसता पुढील पिढीच्या हप्त्यांत विभागला जातो.

पार्श्वभूमी (१९८० ते २०१०)

मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने १९८० च्या स्थानिक शासनविषयक कायद्याने बांधकाम, इमारतींची देखभाल आणि रस्त्यांची कामे यांसाठी परिषदांना स्पर्धात्मक निविदा काढणे भाग पाडले. १९८३ मध्ये आरोग्य प्राधिकरणांना रुग्णालयांतील सफाई, भोजन आणि धुलाई यांच्या निविदा काढण्यास सांगण्यात आले. १९८८ च्या कायद्याने हीच सक्ती केरसंकलन, रस्ते व इमारतींची सफाई, शालेय भोजन, उद्यानांची निगा आणि वाहनांची दुरुस्ती यांना लागू झाली. परिषदेच्या स्वतःच्या विभागालाही निविदा भरण्याची मुभा होती आणि अनेक ठिकाणी त्याच विभागांना कामे मिळाली.

या धोरणाच्या समर्थकांना आरंभी अनुकूल पुरावेही मिळाले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात निविदा काढलेल्या ठिकाणी केरसंकलनाचा खर्च सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ही बचत कार्यपद्धती सुधारल्यामुळे झाली की वेतन आणि कर्मचारी घटविल्यामुळे झाली, हा वाद मात्र तेव्हाच सुरू झाला आणि आजही संपलेला नाही.

टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९९९ च्या कायद्याने निविदांची सक्ती रद्द केली. तिच्या जागी ‘सर्वोत्तम मूल्य’ हे तत्त्व आले, म्हणजे केवळ किमतीचा नव्हे तर गुणवत्तेचाही विचार करणे परिषदांचे कर्तव्य ठरले. तथापि खासगी वित्तपुरवठा उपक्रमाचा सर्वाधिक विस्तारही याच सरकारच्या काळात झाला.

खर्चकपातीचा काळ

२००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर बँका वाचविण्याचा भार आणि घटलेले करउत्पन्न यांमुळे २००९-१० मध्ये ब्रिटनची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्क्यांपर्यंत पोहोचली. मे २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या डेव्हिड कॅमेरॉन आणि निक क्लेग यांच्या आघाडी सरकारने तूट भरून काढण्यासाठी प्रामुख्याने खर्चकपातीचा मार्ग निवडला. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी २० ऑक्टोबर २०१० रोजी मांडलेल्या खर्च आढाव्यात, आरोग्य आणि परदेशी मदत वगळता अन्य खात्यांच्या तरतुदी चार वर्षांत सरासरी १९ टक्क्यांनी कमी करण्याचे ठरले.

सर्वांत मोठा भार स्थानिक परिषदांवर पडला. राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाच्या हिशेबानुसार २०१०-११ ते २०१७-१८ या काळात इंग्लंडमधील परिषदांना मिळणारा केंद्रीय निधी महागाई विचारात घेता ४९.१ टक्क्यांनी घटला. स्थानिक कर धरूनही त्यांची खर्च करण्याची क्षमता २८.६ टक्क्यांनी कमी झाली. याच काळात वृद्धांची आणि निराधार मुलांची संख्या वाढत होती आणि त्यांची काळजी घेणे हे परिषदांचे कायदेशीर कर्तव्य होते. परिणामी ग्रंथालये, युवककेंद्रे आणि रस्त्यांची देखभाल यांवरील खर्चाला अधिक कात्री लागली.

जुलै २०११ च्या मुक्त सार्वजनिक सेवाविषयक श्वेतपत्रिकेत सरकारने जवळजवळ सर्व सेवा खासगी आणि स्वयंसेवी पुरवठादारांना खुल्या करण्याचा मानस व्यक्त केला. कमी पैशांत तेवढीच सेवा मिळेल, ही कंत्राटीकरणामागील अपेक्षा होती. राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाच्या २०१३ च्या अहवालानुसार सार्वजनिक क्षेत्र बाहेरच्या पुरवठादारांकडून वस्तू आणि सेवा घेण्यासाठी वर्षाला १८७ अब्ज पौंड खर्च करीत होते आणि त्यातील सुमारे निम्मा भाग कंत्राटाने दिलेल्या सेवांचा होता.

सरकारी खरेदीतील सुधारणा

कपातीबरोबरच खरेदीची पद्धत सुधारण्याचे प्रयत्नही झाले. उद्योगपती फिलिप ग्रीन यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये सादर केलेल्या आढाव्यात एकाच सरकारची निरनिराळी खाती त्याच वस्तूसाठी वेगवेगळे भाव मोजत असल्याचे दाखवून दिले. कागदाच्या एका खोक्याची किंमत ८ पौंडांपासून ७३ पौंडांपर्यंत आढळली. मंत्रिमंडळ कार्यालयाचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांच्या देखरेखीखाली सामान्य वस्तूंची खरेदी एकत्र करण्यात आली आणि मोठ्या पुरवठादारांशी केलेल्या करारांच्या अटींची फेरबोलणी झाली. निविदा व कंत्राटे लोकांना पाहता यावीत म्हणून २०११ मध्ये संकेतस्थळ सुरू झाले. खरेदीतील २५ टक्के वाटा लहान आणि मध्यम उद्योगांना मिळावा, असे उद्दिष्टही ठरले.

२०१२ च्या सामाजिक मूल्यविषयक कायद्याने सेवांची खरेदी करताना परिसराचे सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय हित विचारात घेणे बंधनकारक केले. ‘विचारात घेणे’ एवढेच बंधन असल्याने त्याचा प्रभाव ठिकठिकाणी कमीअधिक राहिला.

या सुधारणांना एक मर्यादा होती. कागद किंवा वीज यांसारख्या वस्तूंचा दर्जा तपासणे सोपे असते. वृद्धांची शुश्रूषा किंवा सुटलेल्या कैद्याचे पुनर्वसन यांचा दर्जा निविदेच्या तक्त्यात मावत नाही. पहिल्या प्रकारात यशस्वी ठरलेली स्वस्त खरेदीची रीत दुसऱ्या प्रकाराला लावल्यामुळे पुढील बऱ्याच अडचणी उद्भवल्या.

कंत्राटाची कार्यपद्धती

कंत्राटाच्या प्रक्रियेत सार्वजनिक संस्था प्रथम कामाचे तपशीलपत्रक तयार करते, निविदा मागविते, किंमत आणि गुणवत्ता यांना गुण देऊन पुरवठादार निवडते आणि नंतर ठरलेल्या मानकांनुसार कामावर देखरेख ठेवते. मानके न पाळल्यास देयकातून कपात होते.

उदाहरणार्थ, एखाद्या परिषदेने शाळांच्या सफाईचे कंत्राट सात वर्षांसाठी दिले, असे मानू. या कामात यंत्रसामग्रीचा वाटा अल्प आणि वेतनाचा मोठा असतो. त्यामुळे कमी किमतीची निविदा भरणाऱ्यापुढे कमी माणसे, कमी तास किंवा कमी मोबदला असेच मार्ग प्रामुख्याने उरतात. हस्तांतरित कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना २००६ च्या नियमांनी संरक्षण दिले आहे. परंतु नंतर भरती झालेल्यांना ते पूर्णतः मिळत नाही. एकाच कामासाठी दोन वेतनमान निर्माण होऊ नयेत म्हणून केलेली संहिता सरकारने डिसेंबर २०१० मध्ये केंद्रीय सेवांपुरती मागे घेतली.

पुढे परिषदेने एखादी नवी शाळा उघडली किंवा जुनी बंद केली, तर मूळ करारात तो बदल नसल्याने वेगळी किंमत ठरवावी लागते. या वेळी स्पर्धक नसतो आणि सफाईचे काम जाणणारे परिषदेचे पूर्वीचे अधिकारीही निवृत्त झालेले किंवा कपातीत गेलेले असतात. म्हणजे बचत करारावर सही होते त्या दिवशी मोजली जाते, तर तिची किंमत पुढील वर्षांत हळूहळू समोर येते. २०१० ते २०१६ या काळात केंद्रीय नागरी सेवेतील कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटली. कंत्राटे वाढत असताना ती तपासणारी माणसे कमी होत गेली, हा या काळाचा मोठा अंतर्विरोध होता.

माहितीच्या अधिकारासंबंधीही अडचण आहे. २००० चा माहिती स्वातंत्र्य कायदा सार्वजनिक संस्थांना लागू होतो. खासगी कंत्राटदाराला तो थेट लागू होत नाही. त्यामुळे पूर्वी नागरिकाला विचारता येणारे काही प्रश्न व्यापारी गोपनीयतेच्या आड जातात.

प्रमुख प्रकरणे

सदर्न क्रॉस (२०११) : सदर्न क्रॉस ही ब्रिटनमधील सर्वांत मोठी वृद्धनिवास चालविणारी कंपनी होती. सुमारे ७५० निवासांत ३१,००० लोक राहत असत आणि त्यांतील अनेकांचा खर्च स्थानिक परिषदा देत असत. कंपनीने इमारती विकून त्या वाढत्या भाड्याने परत घेतल्या होत्या. परिषदांनी खर्च आखडता घेतला, खोल्या रिकाम्या राहू लागल्या आणि भाडे देणे अशक्य झाले. २०११ मध्ये कंपनी कोलमडली व निवास अन्य चालकांकडे गेले. या अनुभवानंतर २०१४ च्या काळजीविषयक कायद्याने मोठ्या पुरवठादारांच्या आर्थिक स्थितीवर लक्ष ठेवण्याचे काम नियामकाकडे सोपविले.

लंडन ऑलिंपिक (२०१२) : स्पर्धास्थळांसाठी १०,४०० सुरक्षारक्षक पुरविण्याचे २८.४ कोटी पौंडांचे कंत्राट जीफोरएस या कंपनीकडे होते. उद्‌घाटनास सुमारे दोन आठवडे उरले असताना पुरेसे रक्षक देता येणार नाहीत, असे तिने कळविले आणि सरकारला ३,५०० जादा सैनिक तैनात करावे लागले.

इलेक्ट्रॉनिक देखरेख (२०१३) : न्यायालयाच्या आदेशाने घातलेल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांद्वारे आरोपी व गुन्हेगार यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम जीफोरएस आणि सर्को या कंपन्या करीत होत्या. पुन्हा तुरुंगात गेलेल्या, देश सोडून गेलेल्या आणि काही प्रकरणांत मरण पावलेल्या व्यक्तींचेही शुल्क आकारले गेल्याचे न्यायमंत्री क्रिस ग्रेलिंग यांनी जुलै २०१३ मध्ये संसदेत सांगितले. सर्कोने ६.८५ कोटी आणि जीफोरएसने सुमारे १०.९ कोटी पौंड परत केले. पुढे गंभीर घोटाळा अन्वेषण कार्यालयाशी झालेल्या करारांनुसार सर्कोच्या उपकंपनीला २०१९ मध्ये १.९२ कोटी, तर जीफोरएसच्या उपकंपनीला २०२० मध्ये ३.८५ कोटी पौंड दंड झाला.

परिवीक्षा सेवा (२०१४–२०२१) : शिक्षा भोगून सुटलेल्या किंवा समाजात राहून शिक्षा भोगणाऱ्या व्यक्तींवर देखरेख ठेवणारे इंग्लंड आणि वेल्समधील ३५ सार्वजनिक न्यास जून २०१४ मध्ये बरखास्त करण्यात आले. अधिक धोकादायक व्यक्तींची जबाबदारी राष्ट्रीय सेवेकडे राहिली; उर्वरित लोकांसाठी २१ कंपन्या नेमल्या गेल्या. पुनर्गुन्ह्यांचे प्रमाण घटले तर त्यांना जादा मोबदला मिळणार होता. अपेक्षेपेक्षा कमी प्रकरणे आल्याने कंपन्यांचे उत्पन्न घटले, तर शिल्लक अधिकाऱ्यांवर कामाचा ताण वाढला. मुख्य परिवीक्षा निरीक्षक डेम ग्लेनिस स्टेसी यांनी २०१९ मध्ये ही रचनाच दुरुस्त होण्यापलीकडे सदोष असल्याचा निष्कर्ष काढला. जून २०२१ मध्ये सेवा पुन्हा सरकारकडे आली.

नॉर्थॅम्प्टनशायर (२०१८) : या परगणा परिषदेने बहुतेक सेवा स्वतंत्र संस्थांकडे देऊन स्वतः केवळ कंत्राटे देणारी छोटी संस्था होण्याचा आराखडा स्वीकारला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये परिषदेच्या वित्त अधिकाऱ्याने कलम ११४ ची सूचना काढली, म्हणजे कायद्याने बंधनकारक सेवा वगळता नवा खर्च थांबविला. सुमारे दोन दशकांत अशी वेळ कोणत्याही परिषदेवर आली नव्हती. सरकारने नेमलेले निरीक्षक मॅक्स कॉलर यांनी त्याचा दोष केवळ केंद्रीय कपातीला दिला नाही. अन्य परगण्यांनी तशाच परिस्थितीत तोल सांभाळला होता. येथे मात्र आराखड्यामागे ठोस आर्थिक नियोजन नव्हते आणि खर्चावर नियंत्रण राहिले नव्हते, असे त्यांनी नमूद केले. १ एप्रिल २०२१ रोजी परिषद विसर्जित होऊन तिच्या जागी दोन नव्या परिषदा आल्या.

कॅरिलियनचे पतन

१९९९ मध्ये टारमॅक कंपनीतून वेगळी झालेली कॅरिलियन मूलतः बांधकाम कंपनी होती. पुढे तिने रुग्णालयांची सफाई, शालेय भोजन, तुरुंगांची देखभाल आणि सैनिकांच्या घरांची दुरुस्ती ही कामे घेतली. जुलै २०१७ मध्ये कंपनीने आपल्या कंत्राटांतील तोट्यापोटी ८४.५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. त्यानंतर आठवडाभरात तिचा सहभाग असलेल्या गटाला वेगवान रेल्वेमार्गाचे कामही मिळाले. १५ जानेवारी २०१८ रोजी ती अवसायनात गेली तेव्हा तिच्यावर सुमारे ७ अब्ज पौंडांची देणी होती आणि रोकड फक्त २.९ कोटी पौंड उरली होती. जगभरात तिचे सुमारे ४३,००० कर्मचारी होते.

पतनाच्या दिवशी रुग्णालये झाडली गेली पाहिजेत आणि मुलांना जेवण मिळाले पाहिजे, ही चिंता प्रथम उभी राहिली. ऑक्सफर्डशायरमध्ये शाळांपर्यंत जेवण पोहोचविण्यासाठी अग्निशमन दलाला सज्ज ठेवण्यात आले होते. सरकारने निधी देऊन सेवा चालू ठेवल्या. राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाने त्याचा सरकारवरील भार १४.८ कोटी पौंड असल्याचा अंदाज केला. लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमजवळील दोन मोठ्या रुग्णालयांची बांधकामे अर्धवट राहिली. पहिले २०२२ मध्ये, तर दुसरे २०२४ मध्ये रुग्णांसाठी खुले झाले.

सर्वाधिक झळ छोट्या पुरवठादारांना आणि निवृत्तिवेतनधारकांना बसली. कंपनी अनेक पुरवठादारांची देयके १२० दिवसांनी देत असे आणि शेवटची देयके बहुतांश बुडाली. संसदेच्या दोन समित्यांनी मे २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालात संचालक, लेखापरीक्षक आणि सरकारी देखरेख या सर्वांवर कठोर टीका केली.

समर्थन आणि आक्षेप

समर्थकांच्या मते स्पर्धेमुळे सार्वजनिक संस्थांना आपल्या कामाचा नेमका खर्च प्रथमच कळला, विशेष कौशल्य आणि भांडवल उपलब्ध झाले आणि कामाची मानके लेखी स्वरूपात आली. केरसंकलन, इमारतींची देखभाल आणि पगारपत्रकांचे काम अशा मोजता येणाऱ्या सेवांत कंत्राटे अनेक ठिकाणी समाधानकारक चालली आहेत. शिवाय सरकारी यंत्रणेने थेट चालविलेल्या सेवाही अपयशी ठरतात, याकडे ते लक्ष वेधतात.

टीकाकारांच्या मते बचतीचा मोठा भाग अल्पवेतनी कामगारांच्या, त्यातही स्त्रियांच्या आणि स्थलांतरितांच्या वाट्यातून आला. मोठी कंत्राटे मोजक्याच कंपन्यांना पेलतात, त्यामुळे स्पर्धा नावापुरती उरते आणि एखादी कंपनी बुडू देणे सरकारला परवडत नाही. कर्मचारी संघटनांखेरीज लेखापरीक्षा कार्यालय आणि संसदेची लोकलेखा समिती यांनीही सरकारच्या कंत्राट व्यवस्थापनातील उणिवा वारंवार दाखविल्या आहेत.

नंतरचे बदल

ऑक्टोबर २०१८ मध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी खासगी वित्तपुरवठा उपक्रमाची नवी कंत्राटे बंद केल्याचे जाहीर केले. जुनी कंत्राटे मात्र मुदत संपेपर्यंत चालू राहतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने कंत्राटीकरणाची मार्गदर्शक पुस्तिका काढली. काम बाहेर देण्यापूर्वी ते स्वतः करण्याच्या पर्यायाशी तुलना करावी, नव्या प्रकारच्या सेवेची आधी लहान प्रमाणावर चाचणी घ्यावी आणि महत्त्वाच्या पुरवठादारांनी आपण बुडाल्यास सेवा कशी चालू राहील याचा आराखडा द्यावा, या तिच्यातील प्रमुख सूचना आहेत.

सरकारी खरेदीविषयीचा २०२३ चा कायदा २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला. स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र नियम आहेत. पूर्वीच्या नियमांतील ‘आर्थिकदृष्ट्या सर्वांत लाभदायक’ निविदा या कसोटीतून ‘आर्थिकदृष्ट्या’ हा शब्द वगळून आता ‘सर्वांत लाभदायक’ निविदा निवडण्याची तरतूद आहे. गैरवर्तन करणाऱ्या पुरवठादारांना वगळण्यासाठी मध्यवर्ती यादी करण्याचीही तरतूद त्यात आहे. या कसोटीचा उपयोग खरेदी करणारे अधिकारी किती कुशल आहेत आणि कराराच्या देखरेखीसाठी किती माणसे नेमली जातात, यावर अवलंबून राहतो.